कंपनीकडे टाकी मागायची असेल तर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब मी २६ वर्षं लिहिले. रिटायर झाल्यापासून आसपासच्या गावांतले सरपंच, गुरुजी घरी येतात, कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चातून, म्हणजे सीएसआरमधून, काही मागायचा अर्ज लिहून घ्यायला. "वहिनी, सीएसआरचा अर्ज लिहून द्या की ओ." देते. पण आधी चहा आणि थोडी उलटतपासणी.

ज्यांच्याकडे मागताय ती खरंच कंपनी आहे का? आपल्याकडचे कितीतरी टॉवेलवाले भागीदारीत धंदा करतात, त्यांना कंपनी कायदा लागत नाही. सहकारी साखर कारखान्यालाही नाही. तिथे मागा खुशाल, पण देणं त्यांच्या मर्जीवर. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ लागतं ते आदल्या वर्षी ५ कोटी निव्वळ नफा, १००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) असलेल्या कंपनीला. तिन्हींतलं एक पुरे. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के तिने समाजकामावर खर्चायचे. नफा ६, ८ आणि १० कोटी असेल तर सरासरी ८, म्हणजे १६ लाख. हा आकडा काढून मगच तोंड उघडा. १६ लाखवालीकडे ४० लाखांचं सभागृह मागणारे सरपंच मी पाहिलेत.

नान्नजकडच्या एका गुरुजींनी स्वतः लिहून आणलं होतं, 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी भरीव मदत व्हावी.' मी ती ओळ खोडली आणि शाळा बघायला गेले. पट ८४. टाकी ५०० लिटरची, तडा साबणाने बुजवलेला. एप्रिलात दुपारी मुली बाटलीच्या झाकणाने पाणी मोजून पीत होत्या. एवढंच लिहिलं आणि पुढे २००० लिटरची टाकी, सहा नळ, फरशीचा कट्टा, तीन कोटेशनं. रोख मागितलीच नाही. कंपनी स्वतः काम करून देऊ शकते. संस्थेमार्फत पैसे घ्यायचे तर त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) लागते, ती नसेल तर बोलणं तिथेच थांबतं.

माझा पहिला अर्ज मार्चात गेला होता. "या वर्षीचं सगळं ठरलंय," असं उत्तर आलं. तेव्हापासून जानेवारीतली सोलापूरची गड्डा यात्रा उठली की मी कागद बाहेर काढते. कंपनीच्या वेबसाइटवर सीएसआर धोरण आणि समिती असेल तर तिची नावं असतात, अर्ज त्या समितीच्या नावाने करा, समिती नसेल तर संचालक मंडळाच्या. काम कंपनीच्या आसपासच्या भागातलं असेल तर तेही लिहा, कायदाच स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो.

आता नाजूक गोष्ट. कारखान्याने स्वतःचं सांडपाणी शुद्ध करणं हा सीएसआर नव्हे. कायद्याने जे करायलाच हवं ते या खर्चात धरता येत नाही. एका डाइंगवाल्याची, म्हणजे सूत-कापड रंगवणाऱ्याची, वही मी काही महिने बघत होते. सांडपाण्यात घालायच्या तुरटी-चुन्याची बिलं यायची थांबली, ईटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) मीटर जागचं हललं नाही आणि त्याच महिन्यात वृक्षारोपणाच्या बॅनरचं बिल माझ्या टेबलावर आलं. मी मुकाट्याने खतावलं. आज कुणी विचारलं तर सांगते, ओढ्याला रंग दिसला तर तारीख-वेळेसकट फोटो काढा आणि लेखी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या. त्याच कंपनीने शाळेला बाक दिलेत म्हणून गप्प बसू नका. बाक घ्या, तक्रारही करा.

टाकी जूनमध्ये आली. कंपनीच्या नावाची पाटी टाकीहून रुंद निघाली, मी हसले आणि सोडून दिलं. पण दुसऱ्याच वर्षी सहातले दोन नळ गळायला लागले. दुरुस्ती कोण करणार, ही ओळ अर्जात माझ्याकडूनच राहिली होती.