ओएसपीएफमध्ये हरवलेला रूट कसा शोधावा

इंदूरच्या पलासिया भागातील कचेरीतून पीथमपूरच्या कारखान्यातील यंत्राला पिंग करावे आणि उत्तरच येऊ नये, अशी वेळ आली की पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो. बंद करून चालू केल्याने कधीकधी रूट परत येतोही. पण दोष कोठे होता याच्या खुणा त्याबरोबर पुसल्या जातात आणि काही दिवसांनी तोच प्रकार पुन्हा होतो. म्हणून बटणाला हात लावण्यापूर्वी हा रूट शेवटचा कोठे दिसतो, एवढे पाहून घ्यावे.

ओएसपीएफ ही राउटरांनी आपसांत माहिती देऊन मार्ग (रूट) ठरवण्याची पद्धत आहे. तीत राउटर एकमेकांना तयार रूट देत नाहीत. प्रत्येक जण आपल्या जोडण्यांची माहिती एलएसएच्या (जोडण्यांचे वर्णन करणाऱ्या संदेशांच्या) रूपात पसरवतो, एका एरियातील (नेटवर्कच्या एका विभागातील) सर्वांकडे तोच डेटाबेस जमतो, आणि त्यावरून डायक्स्ट्राच्या पद्धतीने जवळचा मार्ग प्रत्येक राउटर स्वतः काढतो. त्यामुळे रूट तीनच ठिकाणी अडकू शकतो: मूळ राउटरने त्याची माहितीच दिली नाही, दिलेली माहिती वाटेत अडली, किंवा माहिती पोहोचूनही ती राउटिंग टेबलात (पाकिटे कोठे पाठवायची याच्या यादीत) उतरली नाही.

समजा, इंदूरच्या टेबलात पीथमपूरचे नेटवर्क १०.२०.३०.०/२४ दिसत नाही. लगेच डेटाबेस पाहावा. पीथमपूरचा राउटर त्याच एरियात असेल, तर सिस्कोच्या राउटरवर ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर’ या आज्ञेपुढे त्याचा राउटर आयडी (त्याची ओळख सांगणारा क्रमांक) दिल्यास त्याने सांगितलेल्या सर्व जोडण्या दिसतात. एरिया वेगळा असेल, तर हीच माहिती समरी एलएसएमध्ये (दुसऱ्या एरियातील नेटवर्के सांगणाऱ्या संदेशांत) शोधावी, आणि दोन एरियांना जोडणारा राउटर एरिया शून्याशी, म्हणजे मधल्या मुख्य एरियाशी, खरोखर जोडलेला आहे ना, हेही तपासावे.

डेटाबेसात काहीच नसेल, तर आधी मूळ राउटरकडे वळावे. तेथे ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ब्रीफ’ ही आज्ञा द्यावी. हवा तो इंटरफेस (राउटरचा जोडणीचा पोर्ट) यादीत नसेल, तर कॉन्फिगरेशनच्या नेटवर्क ओळीतील वाइल्डकार्ड मास्क (सबनेट मास्कच्या उलट लिहिलेला मास्क) तपासावा. तेथे ०.०.०.२५५ ऐवजी नेहमीचा २५५.२५५.२५५.० लिहिणे ही चूक भल्याभल्यांकडून होते. इंटरफेस पॅसिव्ह असल्यास त्याचे नेटवर्क जाहीर होत राहते, फक्त त्यावर शेजारी राउटर (नेबर) जुळत नाही. कचेरीतील संगणकांच्या बाजूला हे योग्यच, पण दोन राउटरांमधल्या लिंकवर नाही.

मूळ राउटर निर्दोष निघाला, तर वाटेतील प्रत्येक लिंकवर नेबरची अवस्था पाहावी. शेजारी दिसतच नसेल, तर एरिया क्रमांक, सबनेट मास्क, पासवर्ड, स्टब एरियाची (बाहेरचे रूट न घेणाऱ्या एरियाची) खूण आणि हॅलो व डेड टायमर (हाक किती वेळाने द्यायची आणि किती वेळ न आल्यास शेजारी गेला समजायचे) दोन्हीकडे सारखे आहेत का ते पाहावे. इथरनेटवर सिस्कोचे टायमर मुळात १० व ४० सेकंदांचे असतात. मध्ये फायरवॉल असेल, तर प्रोटोकॉल क्रमांक ८९ ला, म्हणजे ओएसपीएफला, वाट हवी. अवस्था ‘एक्सस्टार्ट’वर (डेटाबेसाची देवाणघेवाण सुरू होण्याच्या पायरीवर) अडकली असेल, तर बहुधा दोन्हीकडचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) वेगळा असतो. हॅलोची पाकिटे लहान असल्याने ती सुखरूप जातात, साधा पिंगही जातो, आणि लिंक ठीक असल्याचा भास होतो. म्हणून पाकिटाचे तुकडे न करण्याची खूण लावून १५०० बाइटांचा पिंग करून पाहावा. ‘टू-वे’ (दोघांना एकमेकांचे हॅलो मिळाले, एवढीच) ही अवस्था मात्र दोष असेलच असे नाही. एकाच स्विचवर अनेक राउटर असतील, तर डीआर (त्यांच्यातील मुख्य राउटर) किंवा बीडीआर (त्याचा राखीव) नसलेले दोघे टू-वेवरच थांबतात.

सर्वांत जास्त वेळ खातो तो तिसरा प्रकार, म्हणजे माहिती डेटाबेसात आहे आणि टेबलात नाही. पीथमपूरच्या एका कारखान्यात राउटर बदलल्यावर मला हाच अनुभव आला. तेथील सहकारी फोनवर पुनःपुन्हा सांगत होता, “दादा, शेजारी फुल दाखवतो आहे, दिवाही हिरवा आहे.” ‘फुल’ म्हणजे डेटाबेस पूर्ण जुळल्याची अवस्था, आणि त्याचे खोटे नव्हते. पण त्याच्याकडे ‘फुल’पुढे ‘डीआर’ असे लिहिलेले होते आणि माझ्याकडे त्याच जागी नुसती आडवी रेघ होती. माझ्या बाजूला लिंक पॉइंट-टू-पॉइंट (दोनच राउटरांची) ठरवलेली होती, नव्या राउटरने ती ब्रॉडकास्ट (अनेक राउटरांची) धरली होती. दोघांचे टायमर सारखे असल्याने मैत्री जुळली, परंतु दोघांनी त्याच लिंकचे वर्णन वेगवेगळे केल्याने नकाशा जुळेना. अशा वेळी त्या एलएसएच्या तपशिलात, ती जाहीर करणारा राउटर ‘नॉट रीचेबल’ असल्याची ओळ दिसते. ती ओळ मी आधी वाचली असती, तर पाऊण तास वाचला असता.

ती ओळ नसेल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. त्याच नेटवर्कचा जुना स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट टेबलात बसलेला असू शकतो. सिस्कोमध्ये स्टॅटिकचे अंतर (पसंतीचा आकडा, जो कमी तो आधी) १ आणि ओएसपीएफचे ११०, म्हणून स्टॅटिकच जिंकतो. दुसरी गोष्ट म्हणजे आत येणाऱ्या दिशेची डिस्ट्रिब्यूट-लिस्ट, जी रूट टेबलात जाऊ देत नाही, पण डेटाबेसाला हात लावत नाही.

बाहेरून रीडिस्ट्रिब्यूट केलेल्या (दुसऱ्या पद्धतीतून ओएसपीएफमध्ये आणलेल्या) रूटांसाठी एवढेच: जुन्या आयओएसवर (सिस्कोच्या राउटरांच्या प्रणालीवर) रीडिस्ट्रिब्यूटच्या ओळीत ‘सबनेट्स’ हा शब्द लिहायचा राहिला, तर केवळ क्लासफुल (जुन्या ए, बी, सी वर्गांची) नेटवर्के पुढे जातात, आणि स्टब एरियात असे बाह्य रूट शिरतच नाहीत.

रूट एकदा दिसतो, एकदा जातो, असे होत असेल, तर दोन राउटरांचा आयडी एकच आहे का ते पाहावे. जुन्या राउटरचे कॉन्फिगरेशन जसेच्या तसे नव्यावर उतरवले की हे हमखास घडते. आयडी बदलल्यावर तो लागू होण्यासाठी ओएसपीएफची प्रक्रिया नव्याने सुरू करावी लागते, तेव्हा त्या राउटरचे सर्व शेजारी क्षणभर तुटतात. म्हणून हे काम कारखान्याची पाळी सुटल्यावरच करावे.