पायथनमध्ये अख्खी टेक्स्ट फाइल एकदम कशी वाचावी

फाइल काही एमबींची असेल आणि तिच्यात मागेपुढे शोधाशोध करायची असेल, तर ओळ-ओळ वाचत बसण्यापेक्षा ती अख्खी मेमरीत घेतलेली बरी.

आधी ‘विथ’च्या ओळीत ‘ओपन’ला फाइलचं नाव द्या आणि त्याच कंसात एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत, ‘यूटीएफ-८’ असं लिहा. एवढं मात्र कधीच गाळू नका. एन्कोडिंग सांगितलं नाही तर विंडोजवर पायथन बरेचदा ‘सीपी१२५२’ हे पश्चिम युरोपीय भाषांसाठीचं जुनं एन्कोडिंग गृहीत धरतं आणि मराठी मजकुराची वाट लागते. तीही दरवेळी सारखी नाही. फाइलमध्ये नुसता ‘मराठी’ हा शब्द असेल तर एरर येत नाही, भलतीच अक्षरं निमूटपणे हाती पडतात. ‘पुस्तक’ असेल तर मात्र ‘युनिकोड-डिकोड-एरर’ येऊन प्रोग्रॅम थांबतो. ‘पु’मधल्या उकाराच्या चिन्हाचा शेवटचा बाइट १२९ क्रमांकाचा असतो आणि ‘सीपी१२५२’च्या तक्त्यात ती जागा रिकामी आहे. मला पहिला प्रकार जास्त घातक वाटतो, कारण चूक कळेपर्यंत खराब मजकूर पुढच्या फाइलीत सेव्हही झालेला असतो.

मग ‘विथ’च्या आत रिकाम्या कंसासह ‘रीड’ बोलवा आणि जे येईल ते व्हेरिएबलमध्ये धरा. बाहेर पडताना फाइल आपोआप बंद होते. ‘विथ’च्या आत असतानाच त्याच फाइलवर ‘रीड’ पुन्हा बोलवलं तर रिकामी स्ट्रिंग मिळते, कारण वाचनाची खूण शेवटाला पोचलेली असते. ती मागे आणायला ‘सीक’ला शून्य द्या.

पहिलाच शब्द दिसायला बरोबर, पण तुलनेत जुळत नाही? फाइलच्या सुरुवातीला बहुधा न दिसणारं बीओएम चिन्ह आहे. एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ करा.

ओळी सुट्या हव्या असतील तर मिळालेल्या स्ट्रिंगवर ‘स्प्लिटलाइन्स’ चालवा. ‘रीडलाइन्स’ने ओळीअखेरचं चिन्ह चिकटून राहतं.

मेमरीचा हिशेब डिस्कवरच्या आकारावरून करू नका. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ फाइलमध्ये ३ बाइट घेतं, पायथन ३.३ पासून स्ट्रिंगमध्ये २. पण मजकुरात एक जरी इमोजी आला, तरी बहुतेक वेळा अख्खी स्ट्रिंग दर चिन्हाला ४ बाइट खाते. म्हणजे १ कोटी चिन्हांची, सुमारे ३० एमबींची फाइल मेमरीत २० एमबी घेईल, आणि एका इमोजीपायी ४०.

फाइल काही जीबींची असेल तर ‘रीड’ नको. ‘फॉर’ लूपमध्ये थेट फाइलच द्या, एका वेळी एकच ओळ हाती येत राहील.