जीपीयूचं काम नेमकं कधी संपलं? इव्हेंट लावून असिंक्रोनस कामांचा माग कसा ठेवावा

जीपीयूवर कर्नल (म्हणजे जीपीयूवर चालणारं फंक्शन) सोडला की तो कॉल लगेच परत येतो. काम तेव्हा संपलेलं नसतं, बऱ्याचदा सुरूही झालेलं नसतं. ते रांगेत लागलेलं असतं आणि सीपीयू पुढच्या ओळीवर पोचलेला असतो. त्यामुळे कर्नलच्या आधी आणि नंतर सीपीयूचं घड्याळ वाचलं, तर काही मायक्रोसेकंदांचा आकडा हाती येतो आणि आपला कोड भलताच वेगवान असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात मोजला गेला तो काम रांगेत टाकायला लागलेला वेळ.

यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे जागोजागी कुडा-डिव्हाइस-सिंक्रोनाइझ, म्हणजे जीपीयूवरचं सगळं काम संपेपर्यंत सीपीयूला थांबवणारा कॉल, टाकणं. उत्तर बरोबर येतं, पण सीपीयू अडून राहतो, रांगेत पुढचं काम पडत नाही आणि जीपीयू मधेमधे रिकामा बसतो. चालू लूपमध्ये हा कॉल दिसला की मी तरी असंच समजतो, की कोणाला कोणासाठी थांबायचंय हे लिहिणाऱ्याने शोधलेलंच नाही.

खालची पद्धत कुडाची, म्हणजे जीपीयूवर प्रोग्राम चालवण्याच्या एनव्हिडियाच्या प्रणालीची आहे. एएमडीच्या तशाच हिप या प्रणालीत बहुतेक फंक्शनं त्याच नावाची आहेत, फक्त सुरुवातीला ‘कुडा’ऐवजी ‘हिप’ येतं. वाचायला सोपं जावं म्हणून नावं जोडरेघांनी तोडली आहेत, कोडमध्ये फंक्शनांची नावं सलग असतात.

१. आधी कोण कोणावर अवलंबून आहे ते लिहून काढा. कोणतं काम कोणता बफर (डेटा ठेवायची मेमरीतली जागा) वाचतं आणि कोणत्या बफरमध्ये लिहितं, एवढंच. थांबण्याच्या सगळ्या जागा यातूनच निघतात.

२. स्वतंत्र कामांना स्वतंत्र स्ट्रीम, म्हणजे जीपीयूच्या कामांची रांग, द्या. एका स्ट्रीममधली कामं टाकलेल्या क्रमानेच होतात. दोन स्ट्रीममध्ये मात्र कसलाही क्रम गृहीत धरता येत नाही. अपवाद डीफॉल्ट स्ट्रीमचा, म्हणजे स्ट्रीम न सांगितलेलं काम जिच्यात जातं तिचा: तिच्यात काही टाकलं की बाकीच्या साध्या स्ट्रीम तिच्यासाठी थांबतात आणि ती त्यांच्यासाठी. एकाच वेळी चालायला हवीत ती कामं एकामागून एक होताना दिसली, तर आधी इथे शोधा. स्ट्रीम बनवतानाच नॉन-ब्लॉकिंग फ्लॅग दिला की ही अडवणूक टळते.

३. कॉपीसाठी पिन्ड मेमरी, म्हणजे जागेवरून न हलणारी सीपीयूकडची मेमरी, घ्या. कुडा-मेमकॉपी-असिंक या नावावर भिस्त ठेवू नका. साध्या मॅलॉकच्या (नेहमीच्या सी फंक्शनने घेतलेल्या) मेमरीतून कॉपी केली, तर ड्रायव्हर डेटा आधी स्वतःच्या पिन्ड बफरमध्ये आणतो आणि कॉल असिंक असूनही सीपीयू अडकू शकतो. कुडा-मॅलॉक-होस्टने घेतलेली मेमरी वापरा, पण बेताने, कारण ऑपरेटिंग सिस्टिमला ती बाहेर हलवता येत नाही.

४. आता इव्हेंट लावा. इव्हेंट म्हणजे स्ट्रीममध्ये ठेवलेली खूण. कुडा-इव्हेंट-रेकॉर्डने ती ठेवायची. तिच्याआधी टाकलेली त्या स्ट्रीममधली सगळी कामं संपली की ती पूर्ण होते. ती पूर्ण झाली का, हे तीन तऱ्हांनी वापरता येतं. कुडा-इव्हेंट-क्वेरी न थांबता विचारून येतं. कुडा-इव्हेंट-सिंक्रोनाइझ सीपीयूला थांबवतं. कुडा-स्ट्रीम-वेट-इव्हेंट दुसऱ्या स्ट्रीमला थांबवतं, सीपीयू मोकळाच राहतो. खरं काम या तिसऱ्याचं.

समजा, मोठा डेटा तुकड्यांनी जीपीयूवर न्यायचाय. जीपीयूवर दोन बफर, सीपीयूकडेही त्यांच्या जोडीचे दोन पिन्ड बफर, एक कॉपीची स्ट्रीम आणि एक हिशेबाची. प्रत्येक बफरला दोन इव्हेंट द्या: ‘भरला’ आणि ‘रिकामा’. प्रत्येक तुकड्यासाठी क्रम असा:

- सीपीयू या बफरच्या ‘भरला’साठी थांबतो, मग पिन्ड बफरमध्ये नवा डेटा लिहितो.
- कॉपीची स्ट्रीम ‘रिकामा’साठी थांबते, मग कॉपी करते आणि ‘भरला’ रेकॉर्ड करते.
- हिशेबाची स्ट्रीम ‘भरला’साठी थांबते, मग कर्नल चालवते आणि ‘रिकामा’ रेकॉर्ड करते.

‘भरला’ सगळ्यांना सुचतो, ‘रिकामा’ राहून जातो. तो नसेल तर कर्नल अजून वाचत असतानाच नवा डेटा त्याच बफरवर येऊन पडतो. कर्नल छोटा असेपर्यंत उत्तरं बरोबर येतात, तो लांबला की मधूनच बिघडतात. या क्रमातली पहिली पायरीही गाळू नका. तिथे सीपीयू ज्या ‘भरला’साठी थांबतो तो दोन तुकड्यांआधीचा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात थांबावं लागतं ते क्वचितच.

इथे एक खाचखळगा आहे. एकदाही रेकॉर्ड न झालेल्या इव्हेंटसाठी थांबायला सांगितलं, तर कुडा थांबतच नाही, आणि एररही देत नाही. पहिल्या दोन तुकड्यांना हे सोयीचं पडतं, वेगळी अट घालावी लागत नाही. पण रेकॉर्ड आणि वेट यांच्या ओळी चुकून उलट्या झाल्या, तर तेवढ्याच शांतपणे चुकीचं काम होतं.

५. वेळ मोजायचा तर इव्हेंटनेच मोजा. कर्नलच्या आधी एक, नंतर एक रेकॉर्ड करा, दुसऱ्यासाठी थांबा आणि कुडा-इव्हेंट-इलॅप्स्ड-टाइम विचारा. उत्तर मिलिसेकंदांत येतं. नुसत्या क्रमासाठी असलेल्या इव्हेंटना डिसेबल-टायमिंग फ्लॅग द्या, ते हलके पडतात. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीत उलट आहे: वेळ हवा असेल तर इव्हेंट बनवताना तसं सांगावं लागतं. तिथे जीपीयूवरच्या टेन्सरमधला (आकड्यांच्या मांडणीतला) एक आकडा सीपीयूकडे आणणारा साधा ‘आयटम’ कॉलही सीपीयूला थांबवतो, म्हणून लूपमध्ये दर फेरीला लॉस (मॉडेल किती चुकतंय तो आकडा) छापणं महागात पडतं.

६. एरर उशिरा येते हे धरून चाला. कर्नलमधली चूक त्या ओळीवर कळत नाही, पुढच्या एखाद्या निरपराध कॉलवर फुटते. शोधताना कुडा-लाँच-ब्लॉकिंग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (याच्या नावात जोडरेघांच्या जागी अंडरस्कोर असतात) १ करा, म्हणजे प्रत्येक कर्नल संपेपर्यंत सीपीयू थांबेल आणि एरर जागच्या जागी दिसेल. पण ते लावल्यावर चुकीची उत्तरं एकदम बरोबर येऊ लागली, तर संशय कर्नलपेक्षा क्रमावर घ्या: कुठेतरी एक वेट राहिलाय. मग एनसाइट सिस्टिम्स या एनव्हिडियाच्या प्रोफायलरच्या टाइमलाइनवर दोन्ही स्ट्रीम वर-खाली ठेवून एकच बफर वापरणारी कॉपी आणि कर्नल एकमेकांवर चढलेत का ते बघा.