मेंढीला किडे पडलेत? आधी कात्री, औषध नंतर

एखादी मेंढी कळपाच्या मागे रेंगाळते, शेपूट झटकते, पाय आपटते, वळून वळून स्वतःच्याच कुशीला तोंड लावते. ती तिथेच धरा. संध्याकाळी बघू म्हणू नका. हिरव्या चकाकत्या माशीची अंडी उबदार, दमट हवेत एका दिवसाच्या आत फुटतात आणि अळ्या जिवंत कातडं खायला लागतात. लोकर फाकवून वास घ्या. तो वास एकदा नाकात बसला की पुढे डोळ्यांआधी नाकच सांगतं.

मेंढी आडवी पाडा आणि कातरायला घ्या.

माझी चूक झाली ती इथेच. पहिल्या वेळी शेपटीभोवती दिसली तेवढी ओली लोकर कातरली, अळ्या वेचल्या, औषध मारलं आणि मोठ्या खुशीत मेंढी सोडली. तिसऱ्या दिवशी शेपटीकडची जखम सुकत आली होती, पण पाठीवरच्या लोकरीत काळपट ओला डाग दिसला. तिथली लोकर धरली तर पुंजका हातातच आला. खाली तळहाताएवढं सोललेलं कातडं, सगळं वळवळणारं. अळ्यांना उजेड नको असतो. कात्री पुढे सरकते तशा त्या लोकरीखालून आणखी पुढे सरकतात.

म्हणून आता मी मधून सुरुवात करतच नाही. आधी डागाच्या बाहेर, लोकर कोरडी आणि कातडं धड लागेल तिथे 5 सेंटिमीटर रुंद पट्टा कातरून रिंगण करतो, मग आत येतो. पळणारी अळी त्या पट्ट्यावर उघडी पडते. पाती कातड्याला सपाट धरा. लोकर वर ओढून कातरलीत तर तिच्यासोबत कातडंही वर येतं आणि कात्रीत सापडतं, म्हणजे माशीला आणखी एक जखम. एवढी लोकर वाया जाते म्हणून हळहळू नका. कातरलेलं सगळं थेट पिशवीत टाका आणि तोंड बांधून कडक उन्हात ठेवा. जमिनीवर पडलेली मोठी अळी मातीत शिरते, कोष करते आणि माशी होऊन परत येते.

फिनाइल, रॉकेल, पेट्रोल ओता असं सांगणाऱ्याने ते आधी स्वतःच्या खरचटलेल्या गुडघ्यावर ओतून बघावं. अळ्या चिमट्याने वेचा आणि जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा. जखमेचं भोक खोल असेल, तर ते काम पशुवैद्यकाचं.

औषध मेंढीच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. सायरोमॅझिन हे औषध किडे पडायच्या आधी लावायचं, ते कोवळ्या अळीची वाढ रोखतं. मोठ्या अळ्यांवर ते फवारून ‘औषध नकली आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. मेंढी मलूल असेल, चरत नसेल, तर वेदनाशामक आणि प्रतिजैविक लागेल. औषधानंतर किती दिवस दूध-मांस वापरायचं नाही, तेही तेव्हाच विचारून घ्या.

(नुसत्या शिंका आणि घट्ट शेंबूड असेल, तर ती माशी वेगळी. ती अंडी घालत नाही, नाकपुडीपाशी थेट जिवंत अळ्या सोडते. तिथे कात्रीचा उपयोग नाही, डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतील.)

पुढचे आठ दिवस ती मेंढी रोज धरून बघा, जखमेपेक्षा जखमेच्या कडेची लोकर जास्त. आणि शेपटीखाली लेंड्या चिकटलेल्या बाकीच्या मेंढ्यांची मागची लोकर त्याच दिवशी कातरून टाका, कात्री हातात आहेच.