साइडपट्टी नसलेल्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर काय करायचं

मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले रस्ते घ्या: वाशी खाडीपूल, ऐरोली पूल, कोपरी पूल, मुंब्रा बायपास, घोडबंदर रोडवरचे मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळचे उड्डाणपूल. यांवर बहुतेक ठिकाणी डावी लेन संपली की लगेच कठडा येतो. गाडी बाजूला घ्यायला साइडपट्टी, म्हणजे चालत्या लेनच्या कडेची मोकळी पट्टीच नसते, त्यामुळे ती जिथे थांबेल तिथे चालती लेन अडते आणि मागून येणाऱ्याला ते वेळेत दिसेलच याची खात्री नसते. अटल सेतूवर निदान प्रत्येक दिशेला तीन लेनच्या जोडीला आपत्कालीन लेन आहे. शहरातल्या पुलांवर ती चैन नाही.

इंग्लंडमध्ये काही मोटरवेंवरची साइडपट्टी मुद्दाम काढून तिची चालती लेन केली गेली. त्या बदल्यात ठराविक अंतरावर थांबायचे कोनाडे बांधले आणि डोक्यावरच्या फलकांवर लाल फुली दाखवून लेन बंद करायची सोय केली. तरीही एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सरकारने असे नवे रस्ते करायचं रद्द केलं. आपल्या उड्डाणपुलांवर ना कोनाडा, ना लाल फुली. म्हणून सगळी भिस्त चालकावर, आणि त्यातही पहिल्या अर्ध्या मिनिटावर.

आधी पूल उतरा

गाडीने काही वेगळा आवाज केला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. इथे तो जाऊ देऊ नका. गाडी पुढे सरकतेय तोवर चारही इंडिकेटर लावा, डावीकडे या आणि सरकत राहा. वाशीचा खाडीपूल पावणेदोन किलोमीटरहून थोडा मोठा आहे. ताशी १५ किलोमीटरने गेलात तरी साडेसात मिनिटांत तो संपतो.

पंक्चर असेल तर ताशी १५ ते २० किलोमीटर, स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आणि ब्रेक अगदी हलका. टायर कामातून जाईल, रिमही वाकू शकते, जाऊ द्या. चालत्या लेनमध्ये स्टेपनी बदलायला बसण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं. उजव्या बाजूचं चाक तर अशा ठिकाणी कधीच बदलायचं नाही, कारण बदलणाऱ्याची पाठ शेजारच्या लेनमध्ये असते. टायर पूर्ण फाटून गाडी एका बाजूला आवरेनाशी झाली, तरच थांबा.

इंजिन गरम होऊन काटा लाल पट्ट्यात गेला तर एसी बंद करा, हीटर सर्वांत गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावा, काचा खाली घ्या. हीटरचा छोटा रेडिएटर इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. मे महिन्यात हे असह्य होतं, पण पुलाचं टोक गाठायला बहुधा पुरतं. हीटरमधून गरमऐवजी गार हवा येऊ लागली, तर कूलंटच संपलेलं आहे. मग इंजिन बंद करून उताराचा फायदा घ्या. चावी मात्र काढू नका, ऑन ठेवा, नाहीतर स्टीअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदा दाबले की पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणून पंप करू नका, एकदाच दाबून धरा. ऑइलचा लाल दिवा पेटला तर वेळ आणखी कमी असते: आहे त्या वेगात जेवढं पुढे जाता येईल तेवढंच.

सीएनजी गाड्यांची गोष्ट वेगळी, आणि आपल्याकडे त्याच जास्त. पंपावरच्या रांगा टाळता टाळता गॅस संपतो, गाडी स्वतःहून पेट्रोलवर जाते आणि पेट्रोलचा काटा आधीपासूनच तळाला असतो. टाकीत कायम ८-१० लिटर पेट्रोल ठेवा आणि रोज एक-दोन किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवा. नाहीतर गरजेच्या वेळीच पेट्रोलचा पंप किंवा इंजेक्टर दगा देतात. गॅसचा वास आला तर मात्र पूल संपवण्याचा हट्ट धरू नका. गाडी डावीकडे थांबवा, इंजिन बंद करा, माणसं बाहेर काढा. सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे ते घरी पार्किंगमध्येच बघून ठेवलेलं बरं.

क्लच वायर तुटली किंवा इंधन संपलं, तर मॅन्युअल गाडीत शेवटचा एक उपाय असतो. पहिला गिअर टाकून स्टार्टर फिरवा. गाडी स्टार्टर मोटरच्या जोरावर रांगत पुढे जाते. वायर तुटली असेल आणि क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट न होणारी गाडी असेल, तर पेडल नुसतं दाबून धरा. क्लच सुटत नाही, पण स्विचचं समाधान होतं. क्लच ठीक असून इंधन संपलं असेल तर अशा गाडीत हा उपाय चालत नाही, कारण पेडल दाबलं की चाकं मोकळी होतात. दर वेळी आठ-दहा सेकंद, मध्ये थोडी उसंत. बॅटरी आणि स्टार्टर दोघांवर अत्याचार आहे, त्यामुळे वळणाआडून किंवा मधल्या लेनमधून निघण्यापुरताच वापरा.

इलेक्ट्रिक गाडी सहसा आधी पॉवर कमी करून इशारा देते. ती कमी झाली की लगेच पुढचा उतरता रॅम्प पकडा. ऑटोमॅटिक गाडी बंद पडताच, १२ व्होल्टची बॅटरी जिवंत असतानाच न्यूट्रलवर टाका. नंतर ती पार्कमध्ये अडकली तर गिअरच्या शेजारच्या छोट्या झाकणाखालचं लॉक सोडावं लागतं, आणि अंधारात ते सापडत नाही.

थांबावंच लागलं तर, नेमकं कुठे

उड्डाणपुलाचा माथा ओलांडल्यावर लगेच थांबणं सर्वांत वाईट. चढून येणाऱ्याला तुमची गाडी शेवटच्या क्षणी दिसते. माथ्याच्या आधी थांबा, नाहीतर पूर्ण खाली उतरा. वळणालाही हाच नियम. रस्ता दोन फाट्यांत विभागतो तिथला पट्ट्यांचा त्रिकोण मोकळा आणि सुरक्षित वाटतो, पण वाशी किंवा उरण फाट्यासारख्या ठिकाणी शेवटच्या क्षणी निर्णय बदलणारे नेमके त्याच त्रिकोणावरून जातात.

गाडी कठड्याला अगदी चिकटवू नका. डावीकडचे दरवाजे उघडले नाहीत तर सगळ्यांना वाहतुकीच्या बाजूने उतरावं लागेल. दीड-दोन फूट जागा सोडा. चाकं डावीकडे वळवून हँडब्रेक लावा, म्हणजे मागून धक्का बसला तर गाडी शेजारच्या लेनमध्ये न जाता कठड्याकडे जाईल. रात्री हेडलाइट बंद, मागचे दिवे आणि चारही इंडिकेटर चालू. चांगली बॅटरी एवढा भार काही तास सोसते. हेडलाइटही चालू ठेवले तर लवकर बसते. डिकीचं दार उघडं ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, पण बऱ्याच एसयूव्हींमध्ये मागचे काही दिवे दारावरच असतात. दार वर गेलं की ते आभाळाकडे बघतात. त्याऐवजी बॉनेट उघडा.

आत बसायचं की उतरायचं

गाडी डाव्या टोकाला असेल आणि कठड्याच्या कडेला चालायला अरुंद पट्टी असेल, तर सगळ्यांनी डावीकडून उतरा. मग गाडीच्या पुढे उभं राहू नका. मागून ट्रकने धडक दिली की गाडी पुढेच फेकली जाते. वाहतूक ज्या दिशेने येते त्या दिशेला, गाडीपासून २५-३० मीटर मागे, कठड्याला पाठ लावून उभे राहा, नजर येणाऱ्या गाड्यांवर. जमिनीवरच्या रस्त्याला क्रॅश बॅरिअर असेल तर त्याच्या पलीकडे, पण मागेच.

गाडी मधल्या किंवा उजव्या लेनमध्ये अडकली असेल आणि गाड्या वेगात जात असतील तर उतरू नका. सीटबेल्ट लावून, डोकं हेडरेस्टला टेकवून बसा आणि फोन करा. अपवाद दोनच: धूर किंवा आग, आणि वाहतूक खरोखर थांबलेली असणं.

रात्री खाडीपुलावर किंवा जोड-उड्डाणपुलावर कठडा ओलांडून उडी मारू नका. दोन दिशांचे पूल बरेचदा वेगळे बांधलेले असतात आणि मधोमध थेट खाली पाणी किंवा रस्ता असतो. हेडलाइटच्या झोतात ती फट दुभाजकाच्या सावलीसारखी दिसते.

गाडीला मागून धक्का मारायला जमणारी मदतीची गर्दी चांगल्या मनाची असते. पण धक्का मारणाऱ्याची पाठ वाहतुकीकडे असते. पोलिसांनी लेन अडवलेली नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

त्रिकोणाचं गणित

धोक्याचा इशारा देणारा त्रिकोण किती मागे ठेवायचा ते मागून येणाऱ्याच्या वेगावर ठरतं. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. धोका ओळखून पाय ब्रेकवर जायला अडीच सेकंद धरली तर ५५ मीटर तेवढ्यातच गेले. कोरड्या रस्त्यावर पुढे साधारण ५० मीटर ब्रेकचे. एकूण १०५. पावसात १२५ च्या घरात, भरलेला कंटेनर असेल तर १४० च्या आसपास. म्हणजे गाडीपासून दहा पावलांवर ठेवलेला त्रिकोण शोभेचा. शहरातल्या ६०च्या रस्त्यावर तो ७०-८० मीटर मागे हवा, वेगवान रस्त्यावर दीडशे.

पण हे गणित चालायला जागा असेल तेव्हाचं. साइडपट्टी नसलेल्या पुलावर दीडशे मीटर मागे चालत जाणं हाच मोठा धोका. कडेला चालायची पट्टी नसेल तर त्रिकोण डिकीतच राहू द्या. पट्टी असेल तर रिफ्लेक्टर जॅकेट घालून, त्रिकोण छातीसमोर येणाऱ्या गाड्यांकडे धरून, कठड्याला लागून जा. जॅकेट डिकीत नको, सीटखाली ठेवा. दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवायची ट्रकवाल्यांची रीत अंधारात दिसत नाही, आणि गाडी निघाल्यावर दगड तिथेच राहतात. पुढचा दुचाकीस्वार त्यावर जातो.

फोनवर काय सांगायचं

११२ लावा. कोणी जखमी असेल तर १०८. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा चालतो, पण आपण नेमके कोणाच्या रस्त्यावर आहोत याची शंका असेल तर ११२ च बरा. तीन गोष्टी आधी सांगा: कुठल्या दिशेची बाजू, मागे गेलेली शेवटची ओळखीची जागा आणि पुलावर की पुलाखाली. तिसरी गोष्ट मोबाइलच्या लोकेशनवरून कळत नाही. कापूरबावडीला किंवा कॅडबरी जंक्शनला खालच्या रस्त्यावर आलेल्या क्रेनला वर यायला मोठा वळसा पडतो. विजेच्या खांबावर नंबर असेल तर तोही सांगा. गाडी ऑटोमॅटिक, चारही चाकं ओढणारी किंवा इलेक्ट्रिक असेल तर फ्लॅटबेडच (पूर्ण गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, चाकांवर ओढू देऊ नका. टोइंगचा हुक बहुधा स्टेपनीजवळ असतो. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, बसला नाही तर दुसऱ्या बाजूला फिरवून बघा.

दुचाकी बंद पडली तर इंडिकेटर चालू ठेवून ती ढकलत उतारापर्यंत न्या आणि स्वतः कठड्याच्या बाजूने चाला. ढकलता येत नसेल तर ती तिथेच कडेला सोडून मागे सरका. तिच्या शेजारी उभं राहून किक मारत बसू नका.

मागून येणाऱ्याने

पावसात चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावण्याची खोड सोडा. त्यामुळे खरोखर उभी असलेली गाडी कुठली ते मागच्याला कळत नाही. पुलावर पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात पाच. तीन लेन असतील तर मधली पकडा, कारण बंद गाड्या बहुतेक डावीकडेच सापडतात. मुंब्रा बायपासवर रात्री वळणाआड उभा असलेला विनादिव्यांचा कंटेनर गृहीतच धरून चाला. उभी गाडी दिसली तर आधी आरसा, मग हलका ब्रेक आणि क्षणभर चारही इंडिकेटर, मग लेन. एकदम कट मारून निसटलात तर तुमच्या मागच्याला ती गाडी शेवटच्या क्षणी दिसते.

पुन्हा निघताना

बंद गाडी चालू झाली की लोक हायसं वाटून लगेच निघतात आणि इथेच ठोकले जातात. साइडपट्टी नाही म्हणजे वेग पकडायला वेगळी जागा नाही. थांबलेल्या गाडीला ६० गाठायला आठ-दहा सेकंद लागतात, तेवढ्यात मागचा ताशी ८० ने दोनशे मीटर पार करतो. आरशात किमान तीनशे मीटर मोकळी लेन दिसेपर्यंत थांबा. चाकं सरळ करून त्याच डाव्या लेनमध्ये वेग वाढवा. चारही इंडिकेटर वेग आल्यावर बंद करा. अशी फट मिळतच नसेल तर ११२ वर परत फोन करून वाहतूक पोलिसांना काही सेकंद लेन अडवायला सांगा.