रेल्वेमार्गाची देखभाल शिकताना: आधी खडी पाहावी

स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन रेल्वेमार्गाच्या देखभालीवर शिकाऊ म्हणून रुजू होणाऱ्या उमेदवाराने एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली काढलेल्या वर्षामुळे नोकरीचा हक्क आपोआप मिळत नाही, म्हणून हाती येणारी खरी कमाई म्हणजे त्या वर्षात अंगवळणी पडलेले काम. ते कार्यालयातल्या नोंदवह्या उतरवून येत नाही. कोल्हापूर–मिरज या सुमारे ४८ किलोमीटरच्या मार्गावर वळिवडे, रुकडी, हातकणंगले या टापूंत कीमनबरोबर, म्हणजे रोज पायी फिरून रूळ तपासणाऱ्या कामगाराबरोबर, फिरण्याची परवानगी वरिष्ठांकडून मागून घ्यावी, आणि वयाने मोठ्या कीमनला किंवा मुकादमाला ‘मामा’ म्हणून विचारण्यात कमीपणा मानू नये.

रुळावर एकट्याने कधीही उतरू नये. गाडीवर नजर ठेवणारा माणूस नेमलेला आहे ना, गाडी आल्यास कोणत्या बाजूला सरायचे, हे काम सुरू होण्यापूर्वीच विचारावे. मार्गाचे विद्युतीकरण झालेले असल्याने डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते. तिच्यापासून माणूस, पहार किंवा मोजपट्टी दोन मीटरच्या आत जाता कामा नये. अचानक अडथळा दिसल्यास ब्रॉडगेज मार्गावर अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके (चाकाखाली फुटून चालकाला धोक्याचा इशारा देणारे) रुळावर लावतात. हे आकडे विचार न करता सांगता आले पाहिजेत, कारण त्या वेळी पुस्तक उघडायला सवड नसते.

मोजमापाची सुरुवात गेज-कम-लेव्हलने होते; दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, आणि त्यांच्या उंचीतला फरक या पट्टीने मोजतात. पुस्तकात गेज १६७६ मिलिमीटर असले तरी काँक्रीट स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या तुळयांवर) सरळ मार्गात १६७३ मिलिमीटर धरतात. हे ठाऊक नसलेला नवा मुलगा पहिल्याच दिवशी दोष सापडल्याच्या आनंदात मुकादमाला हाक मारतो. किलोमीटरला १६६० स्लीपर असतील तर दोन स्लीपरमधले अंतर साधारण ६० सेंटिमीटर येते, म्हणजे पाच स्लीपर पुढे गेल्यावर तीन मीटर होतात. एका ठिकाणी डावा रूळ उजव्यापेक्षा ४ मिलिमीटर वर आणि तीन मीटर पुढे तोच ५ मिलिमीटर खाली असेल, तर एकूण फरक ९ मिलिमीटरचा, म्हणजे मीटरमागे ३ मिलिमीटरचा पीळ झाला. सुटे सुटे आकडे निरुपद्रवी वाटतात. चाक रुळावरून उचलले जाण्याची भीती या पिळात असते, म्हणून वहीत दोन मापांमधला फरक लिहिण्याची सवय लावावी.

मात्र ही मापे बिघडतात ती बहुतेक वेळा खालून. गाडी जात असताना सुरक्षित अंतरावर उभे राहून स्लीपरकडे पाहावे: तो चाकाखाली दबून पुन्हा वर येत असेल तर खाली पोकळी आहे, आणि सभोवतीच्या खडीवर चिखलाचे शिंतोडे असतील तर पाणी मुरून खालची माती वर येत आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत हे पावसाळ्यात हटकून दिसते. अशा जागी नुसते पॅकिंग केले, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासली, तर चार दिवसांत पुन्हा तेच होते. आधी चर मोकळा करून पाण्याला वाट द्यावी लागते, आणि मळलेली खडी चाळून घ्यावी लागते.

उन्हाळ्यात हीच खडी वेगळे काम करते. एक किलोमीटर मोकळा रूळ तापमानाच्या दर अंशाला सुमारे ११.५ मिलिमीटर वाढेल. ३० अंशांनी तो ३४ सेंटिमीटरहून अधिक लांबेल. जोडलेल्या लांब रुळाला ही वाढ करता येत नाही, ती दाबाच्या रूपाने आत साठते आणि स्लीपरच्या टोकांशी भरलेली खडी त्याला बाजूला सरकू देत नाही. म्हणूनच रुळाचे तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर असताना खडी उकरायची नसते; भर दुपारी ‘एवढे एक मीटर करून टाकू’ असे कोणी म्हणाले तरी हात आवरावा. रूळ स्लीपरला घट्ट धरणारी क्लिप बसवताना तिच्या रेषेत उभे राहू नये. ती ८५० ते ११०० किलोचा दाब धरून असते आणि निसटली तर गोळीसारखी उडते.

पंचगंगेला पूर आला की रुकडीजवळच्या पुलाची पाणीपातळी हा साऱ्या मार्गाचा प्रश्न होतो. पुराच्या काळात या मार्गावरील वाहतूक थांबवावी लागलेली आहे. पाणी ओसरल्यावर रूळ जागच्या जागी सरळ दिसतात, आणि नवखा तिथेच फसतो. भरावाच्या उतारावर खचलेली माती, पुलाच्या टोकाशी वाहून गेलेली खडी, मोरीत अडकलेला उसाचा पाला हे सारे खाली उतरून पाहावे, वहीत किलोमीटर-क्रमांकासह लिहावे आणि त्याच दिवशी अभियंत्याला दाखवावे. कोणत्या वेगाने पहिली गाडी सोडायची, हे तोच ठरवतो.