माळ्यावरचं जुनं शिलाई मशीन पुन्हा चालू करताना

बरीच वर्षं पडून असलेल्या काळ्या मशीनचं चाक फिरेना, की घरातले ‘ते गेलं’ म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ते गेलेलं नसतं, नुसतं चिकटलेलं असतं. डोकं, म्हणजे टेबलावरचं मशीन, ओतीव लोखंडाचं, आतले दांडे पोलादी, त्यामुळे झिजायला फार काही नसतं. पण तेल वाळून मधाच्या रंगाचा डिंक होतो आणि सगळे सांधे धरून बसतो. कुणी कधी खोबरेल तेल घातलं असेल तर तो डिंक आणखी घट्ट होतो. म्हणून भंगारात द्यायच्या आधी दोन दिवस सफाईला द्या.

आपल्याकडची सिंगर, उषा, मेरिट यांची पुष्कळशी काळी मशिनं सिंगरच्या १५ क्रमांकाच्या ठेवणीची आहेत: गोल बॉबिन (खालच्या दोऱ्याची चकरी) आणि डावीकडून आत बसणारी केस (बॉबिनची डबी). पुढची माहिती त्यांच्यासाठी आहे. सरकती पट्टी उघडल्यावर नावेसारखं लांब शटल (खालचा दोरा वरच्यात गुंतवणारा भाग) दिसलं, तर मशीन वेगळ्या, आणखी जुन्या जातीचं आहे. त्याला ही बॉबिन आणि केस चालणार नाही.

जुन्या बाजारात घेणार असाल तर रंगावर आणि सोनेरी नक्षीवर भुलू नका. चाक धरून वर-खाली हलवून पाहा. खडखड हललं तर आतला दांडा झिजलाय. डोकं मागे कलंडवून खाली तडा आहे का ते बघा. शटल आणि बॉबिन केस जागेवर आहेत ना, याची खात्री करा. सुई, पट्टा, बॉबिन नसली तरी हरकत नाही, ती कुठेही मिळतात.

आता सफाई. चाक जोर लावून फिरवायचं नाही. सुई आणि बॉबिन केस काढा. शटलच्या कड्यावरचे दोन खटके बाहेर वळवा (काही मशिनांना तिथे स्क्रू असतात), कडं काढा आणि मधल्या खुंटीला धरून शटल बाहेर घ्या. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढत जा. आत बहुधा दोऱ्याचा तुकडा अडकलेला सापडतो. मशीन अडण्याचं खरं कारण कधीकधी तेवढंच असतं. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांवरची पट्टीही उघडा. खाली कापसाची भुकटी दबून नमद्यासारखी झालेली असते, ती टाचणीने उकरून काढा. भुकटी तशीच राहिली तर दात वर येत नाहीत आणि कापड जागच्या जागी शिवलं जातं.

मग तेलाच्या प्रत्येक भोकात आणि धातूवर धातू घासतो तिथे रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडा. खिडकी उघडी ठेवा, जवळ आच नको, विजेची मोटर असेल तर ती आधी काढून ठेवा. रात्रभर थांबा. सकाळी चाक हलकेच पुढे-मागे करा. सुईच्या दांड्यावरून तपकिरी ओघळ उतरताना दिसला, की डिंक सुटायला लागला. फडक्याने पुसा, परत थेंब सोडा. तरीही अडलं तर रॉकेल पुसून पूर्ण वाळू द्या आणि मगच हेअर ड्रायरची ऊब द्या. चाक मोकळं झालं की रॉकेल पुसून लगेच शिलाई मशीनचं पातळ तेल घाला, प्रत्येक जागी एकच थेंब. रॉकेल नुसतं धुतं. त्यावरच मशीन चालवलं तर कोरडं घासतं. बाहेरचा रंग पुसायला स्पिरिट, थिनर किंवा सॅनिटायझर वापरू नका, नक्षी निघून जाते. तेलाचं बोट फिरवलं तरी पुरे.

चाकाच्या मधली चकती उघडली असेल तर आत तीन कानांचा वॉशर दिसेल. जोडल्यावर चकती आवळली जात नसेल किंवा सुटत नसेल, तर वॉशर अर्धा वळवून बसवा.

सुई एका बाजूने चपट्या दांडीची, एचए गुणिले १ (HA×1) जातीची घ्या. सुती कापडाला १४ नंबर, मलमलला ११, जीन्सला १६ किंवा १८. चपटी बाजू उजवीकडे, म्हणजे मशीनच्या आत; लांब खोबण डावीकडे. सुई वरपर्यंत टेकवून मगच स्क्रू आवळा. दोरा बाहेरून आत, म्हणजे डावीकडून उजवीकडे. सुई अर्धा मिलिमीटर खाली राहिली तरी टाके सुटतात.

बॉबिन केसमध्ये दोरा फटीतून घेऊन उलट वळवून पत्तीखाली न्या. केस दोऱ्याने लोंबकळवा: आपोआप सरकत खाली यायला नको, हलका झटका दिल्यावर थोडी उतरायला हवी. पत्तीचा स्क्रू फिरवायचाच झाला तर पाव आटा, आणि खाली ताटली ठेवा. तो स्क्रू जमिनीवर पडला की सापडत नाही.

वरचा दोरा ओवताना मशीनचा पाय (कापड दाबून धरणारा) वर उचललेला हवा, म्हणजे टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यात बसतो. पाय खाली असताना ओवला तर तो वरवर राहतो आणि कापडाच्या खाली जाळं होतं. लोक बॉबिनला दोष देत बसतात, पण खालचा गुंता बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो.

पायमशीन असेल तर आधी दोरा न ओवता, चाकाची चकती सैल करून नुसतं पायडल मारा. चाकाची वरची कड तुमच्याकडे यायला हवी. उलटं फिरलं की दोरा तुटतो. पायाला लय सापडली की चकती आवळा आणि वहीच्या रेघांवर बिनदोऱ्याची सुई चालवा. पट्टा घसरत असेल तर सेंटिमीटरभर कापून परत जोडा. दमट हवेत चामड्याचा पट्टा सैलावतो, म्हणून पावसाळ्यात हे काम हमखास निघतं.

चाचणीला मांजरपाटाचा दुहेरी तुकडा घ्या, वर लाल दोरा, खाली निळा. इंचाला १० ते १२ टाके ठेवा. सुरुवातीचे तीन-चार टाके दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून घाला. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचं टेन्शन आवळा, वर निळे दिसले तर सैल करा. दोरा सारखा तुटत असेल तर आधी रीळ तपासा: वीतभर दोरा हातात ताणा, पुटकन तुटला तर तो कुजलाय. मग सुई बदला, तरीही थांबलं नाही तर पट्टीवरच्या, सुई जाते त्या भोकाच्या कडेवर नख फिरवा. नख अडलं तर तिथे सुईने ओरखडा पाडलाय. तो बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा.

हे सगळं करून टाके सुटतच राहिले, तर शटल आणि सुईची वेळ, म्हणजे शटलने सुईचा दोरा पकडण्याचा क्षण, चुकली असेल. ते मात्र घरी उघडून बघू नका, मेकॅनिकला दाखवा.

पहिले दोन-तीन दिवस मशीन तेल गाळतं. मशीनच्या पायाखाली जुनं फडकं दाबून ठेवा, आणि ब्लाउजपीस लावण्याआधी चिंधीवर हातभर शिवून घ्या.